दुव्याचा रंग आणि मथळ्याचा रंग : राहाता येथील एका संकेतस्थळाच्या निमित्ताने

छायाचित्रांच्या संकेतस्थळाची समीक्षा करावयाची म्हणजे त्यावरील छायाचित्रांची समीक्षा करावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. छायाचित्रांभोवती जी अक्षरे असतात, म्हणजे वरचा मथळा, त्याखालची सूची आणि मजकुरात विखुरलेले दुवे, त्यांचे रंग हा मालकाच्या आवडीनिवडीचा भाग समजला जातो, आणि आवडीनिवडीविषयी वाद घालू नये हा संकेत आपण सोयीस्करपणे पाळतो. प्रस्तुत लेखात ह्या संकेताला हरकत घ्यावयाची आहे. मथळ्याचा रंग हा काही अंशी अलंकार आहे हे मान्य करता येईल. दुव्याचा रंग मात्र अलंकार नव्हे. तो प्रत्यय आहे. ज्याप्रमाणे ‘घर’ ह्या शब्दाला ‘-ला’ जोडला की त्याचे वाक्यातील कार्य पालटते, त्याप्रमाणे ‘येथे’ ह्या साध्या क्रियाविशेषणाला दुव्याचा रंग चढला की तो शब्द वाचावयाचा न राहता उघडावयाचा होतो. प्रत्यय ऐकू आला नाही तर वाक्य कळत नाही. रंगाचेही तसेच आहे.

हा विचार ज्या संकेतस्थळामुळे सुचला ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता येथील एका छायाचित्र-व्यावसायिकाचे आहे. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; त्यांनी केलेली चूक सार्वत्रिक आहे आणि त्यांची छायाचित्रे चांगली आहेत. राहाता हा पेरूच्या बागांचा गाव. शिर्डी तेथून हाकेच्या अंतरावर. नगर–मनमाड रस्त्याने जाताना दुतर्फा जे फलक दिसतात त्यांत भगव्या रंगाचे प्राबल्य का असावे हे सांगावयास नको. आमच्या व्यावसायिकाने तोच भगवा मथळ्याच्या पट्टीला दिला, तीवर पांढऱ्या अक्षरांत दुकानाचे नाव लिहिले, मजकूर पेरूच्या पानाचा म्हणून हिरवा केला आणि दुवे कुंकवाचे म्हणून तांबडे केले. दुव्यांखालची रेघ काढून टाकली. ह्या योजनेत विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. भगवा, हिरवा आणि कुंकवाचा तांबडा हे तिन्ही रंग लग्नघरातले आहेत, आणि संकेतस्थळही मुख्यतः लग्नाच्याच छायाचित्रांचे आहे.

प्रस्तुत लेखकाचे मामा राहात्यास राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वाचनाची उत्तम सवय असलेले गृहस्थ. घरातील एका लग्नात मामींचे एक छायाचित्र निघाले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मामी गेल्या. ते छायाचित्र मूळ आकारात मिळावे म्हणून मामांनी त्या संकेतस्थळाचे पान मोबाइलवर तीन-चार वेळा उघडले. मजकूर असा होता की मूळ आकारातील छायाचित्रांसाठी येथे पाहावे, आणि ती नव्वद दिवस ठेवली जातील. मामांनी ‘येथे’ हा शब्द वाचला. तो दुवा आहे हे त्यांना दिसले नाही. “अरे, येथे पाहा म्हणतात, पण येथे म्हणजे कोठे ते सांगतच नाहीत,” असे ते मला पुढे म्हणाले. त्यांना लहानपणापासून हिरव्या झाडावरची पिकलेली मिरची वेचता येत नसे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्याचा येथे संबंध असेल हे कोणाच्या ध्यानी आले नाही. मला कळले तेव्हा नव्वद दिवस उलटून गेले होते. आता अंगठ्याच्या नखाएवढी प्रत तेवढी शिल्लक आहे.

तांबड्या-हिरव्याचा भेद न जाणवणे हा दोष एक्स गुणसूत्राशी निगडित असल्यामुळे तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. जॉन डाल्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने १७९४ साली मँचेस्टर येथील विद्वन्मंडळापुढे स्वतःच्याच दृष्टीचे वर्णन करून त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. परंतु ह्या दोषाचा आधार न घेताही वरील योजनेची परीक्षा करता येते. पडद्यावरील दोन रंगांच्या उजळपणातील अंतर मोजण्याचे एक सूत्र वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (२००८) दिलेले आहे. त्यात उजळपणाच्या हिशेबी हिरव्या घटकाला सुमारे ७१.५ टक्के, तांबड्याला २१.३ टक्के आणि निळ्याला अवघे ७.२ टक्के वजन असते. दोन रंग अगदी सारखे उजळ असतील तर गुणोत्तर १ येते. काळ्या-पांढऱ्याचे २१ येते. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावे अशी अपेक्षा आहे. ह्या मापाने पाहता पांढऱ्यावरील हिरवा मजकूर (हिरवा १२८, इतर शून्य) ५.१ भरतो, म्हणजे उत्तीर्ण होतो. पांढऱ्यावरील शुद्ध तांबडा ४.० भरतो, थोडक्यात नापास. भगव्यावरील (२५५, १५३, ५१) पांढरे नाव २.१ भरते, अक्षरे कितीही मोठी केली तरी नापास. आणि दुव्याचा तांबडा व त्याच्या शेजारच्या मजकुराचा हिरवा ह्यांच्यातील गुणोत्तर केवळ १.३ आहे. ज्याला वर्णभेद जाणवत नाही त्याच्यापुढे हे दोन रंग जवळजवळ एकाच उजळपणाचे असतात. मामांनी कितीही लक्षपूर्वक वाचले असते तरी व्यर्थ होते.

येथे कोणी म्हणेल की मग ब्राउझरचा मूळ निळाच ठेवावा. १९९३ च्या मोझेक ब्राउझरपासून दुव्याला निळा रंग आणि खाली रेघ हा संकेत रूढ झाला. हा निळा पांढऱ्यावर ९.४ भरतो, परंतु काळ्या मजकुराच्या शेजारी त्याचे गुणोत्तर केवळ २.२ आहे, शेजारच्या मजकुरापासून दुवा केवळ रंगाने ओळखू यावयाचा असेल तर तेथे निदान ३ हवे असे मानतात. याचा अर्थ असा की त्या जुन्या संकेतातही रंग एकटा नव्हता. रेघ त्याच्या सोबतीला होती, आणि खरे काम बहुधा तीच करीत होती. रंग बदलावयाला काहीच हरकत नाही. रेघ काढली तेथे योजना बिघडली.

मराठी संकेतस्थळांत रेघ का काढतात, हा प्रश्न मला रंगाच्या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर केवळ फॅशनमध्ये नाही. रोमन लिपीत ओळीखाली उतरणारी लहान अक्षरे पाच : जी, जे, पी, क्यू आणि वाय. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ उकार, ऋकार, हलन्ताची खूण, ‘ट्र’ मधील रकार आणि कित्येक उभी जोडाक्षरे ही सारी खाली उतरतात. ‘मुख्यपृष्ठ’, ‘संपूर्ण सूची’, ‘पुढे’, ‘कृपया’ हे संकेतस्थळावरचे नेहमीचे शब्द घ्या. ज्याला आपण ‘दुवा’ म्हणतो तो शब्दही घ्या. त्यांखाली रोमन लिपीच्या बेताने रेघ ओढली की ती उकाराच्या पोटातून जाते आणि ‘पृ’ व ‘पु’ ह्यांतील भेद पुसट होतो. नव्या ब्राउझरांनी ह्यावर तोड काढली की जेथे अक्षराचा अवयव येईल तेथे रेघ तोडावी. रोमनमध्ये ती क्वचित तुटते. ‘मुख्यपृष्ठ’ ह्या शब्दाखाली तिचे तुकडे उरतात. शिवाय आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा आहेच. वर एक अखंड रेघ, खाली एक तुटकी रेघ, मध्ये चेपलेली अक्षरे. हे दृश्य कोणाच्याही डोळ्यांना खुपेल, आणि मग ‘टेक्स्ट-डेकोरेशन : नन’ एवढी एक ओळ लिहून रेघ घालविली जाते. परिणाम असा की मराठी पानावर दुवा ओळखण्याचा सारा भार एकट्या रंगावर पडतो. इंग्रजी पानावरील रंगापेक्षा मराठी पानावरील रंगाकडून आपण अधिक काम मागतो आणि त्याची निवड मात्र अधिक निष्काळजीपणे करतो.

उपाय अवघड नाही. ‘टेक्स्ट-अंडरलाइन-पोझिशन’ ह्या गुणधर्माला ‘अंडर’ हे मूल्य दिले की रेघ उकारांच्याही खाली उतरते, ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ने ती आणखी दूर नेता येते, रेघेची जाडी कमी करता येते, आणि रेघेला अक्षरापेक्षा फिका रंगही देता येतो. ओळींमधले अंतर मात्र वाढवावे लागेल, नाहीतर वरच्या ओळीची रेघ खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि मात्रांना जाऊन भिडेल. बोट किंवा बाण शब्दावर नेल्यावरच रेघ उमटावी अशीही एक पद्धत आहे. संगणकावर ती चालते. राहात्याचे ग्राहक संकेतस्थळ पाहतात ते मोबाइलवर, आणि तेथे बोट टेकण्यापूर्वीची अवस्थाच नसते.

आता दोषाचे दुसरे मूळ. ह्या संकेतस्थळाच्या भगव्या पट्टीवरील सूचीतले दुवेही तांबडे झाले होते. भगव्यावर तांबड्याचे गुणोत्तर १.९. असे करावे अशी मालकाची इच्छा मुळीच नव्हती. त्यांना सूची पांढरी हवी होती. झाले ते असे : त्यांनी ‘सर्व दुवे तांबडे’ एवढाच एक सामान्य नियम लिहिला, आणि तो तयार साच्याच्या नियमांनंतर आल्यामुळे त्याने पट्टीतील दुवेही व्यापले.

सीएसएस ह्या नावातील ‘कॅस्केड’ शब्दाला मी वर्गात ‘उतरंड’ म्हणतो. होकून व्हियुम ली ह्यांनी १९९४ साली ह्या पद्धतीचा प्रस्ताव मांडला आणि १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. तिचे तत्त्व असे की मजकूर वेगळा आणि त्याचे रूप वेगळे. एकाच मजकुरावर अनेकांचे नियम लागू होऊ शकतात आणि त्यांत विरोध आला तर कोणाचे चालावे हे ठरलेले असावे. व्याकरणाच्या अभ्यासकाला हे ऐकताच अष्टाध्यायी आठवल्यावाचून राहणार नाही. उत्सर्गाहून अपवाद बलवान, आणि तुल्यबल नियमांत विरोध आल्यास क्रमाने नंतरचा नियम प्रभावी : ही पाणिनीय परंपरेने मानलेली व्यवस्था आणि सीएसएसची व्यवस्था ह्यांतील साम्य लक्षणीय आहे. ‘पट्टीतील दुवे’ हा निर्देश ‘दुवे’ ह्या निर्देशापेक्षा विशिष्ट, म्हणून तो बलवान. दोन निर्देश सारखेच विशिष्ट असतील तर जो खाली लिहिला तो चालतो. नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात ह्या बलाबलाची जी चर्चा आहे, आणि जिचे इंग्रजी भाषांतर कीलहॉर्न ह्यांनी पुण्यास डेक्कन कॉलेजात असताना केले, तिचा विद्यार्थ्याला असा अनपेक्षित उपयोग होतो. ‘पर’ म्हणजे क्रमाने नंतरचा नियम नव्हे, तर शब्दात उजवीकडील घटकाला लागणारा नियम, असा अर्थ ऋषी राजपोपट ह्यांनी केंब्रिज येथील आपल्या प्रबंधात मांडला व २०२२ साली त्याची पुष्कळ चर्चा झाली. तो अर्थ ग्राह्य धरल्यास पाणिनीपुरते वरील साम्य उणावेल; सीएसएसपुरते ‘पर’ म्हणजे नंतरचा हेच खरे.

दुव्याच्या अवस्थांना हा क्रम विशेष लागू पडतो. न पाहिलेला, पाहिलेला, बोट नेलेला, दाबलेला ह्या चार अवस्थांचे नियम तुल्यबल असतात. म्हणून ते ह्याच क्रमाने लिहावे लागतात. ‘पाहिलेला’ ही अवस्था शेवटी लिहिली तर ती उरलेल्या दोन अवस्थांना गिळते. ह्या अवस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तिच्यात जवळजवळ रंगच तेवढा बदलता येतो. कोणी कोणती पाने पाहिली हे संकेतस्थळांना चोरून कळू लागल्यामुळे २०१० पासून ब्राउझरांनी तिच्यावर बंधने घातली. दुव्याचा भूतकाळ अशा रीतीने केवळ रंगाच्या प्रत्ययाने दाखविला जातो. शेकडो छायाचित्रांच्या यादीत आपण कोणती पाहिली हे ग्राहकाला कळावयाचे असेल तर हा प्रत्यय पुसून चालणार नाही, आणि आमच्या संकेतस्थळावर तो पुसलेला होता. मराठी विकिपीडियाच्या वाचकाला तर तांबड्या दुव्याचा अर्थच निराळा शिकविला गेला आहे : तेथे तांबडा म्हणजे ‘हा लेख अजून लिहिलेला नाही’.

मथळ्याविषयी थोडक्यात. मथळा रंगविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांत अध्यायाची समाप्ती, आरंभीचे नमन, दंड आणि ओव्यांचे आकडे तांबड्या शाईने लिहीत किंवा त्यांवर गेरू फिरवीत. दिनदर्शिकेत रविवार आणि सण तांबडे छापतात. ह्या दोन्ही ठिकाणी रंग थोडा आहे आणि भोवती काळा पुष्कळ आहे, म्हणून तो बोलतो. संकेतस्थळाच्या शिरोभागी पानभर रुंद भगवा पट्टा ओतला की तो बोलत नाही, ओरडतो; आणि छायाचित्रांच्या संकेतस्थळावर तर तो शेजाऱ्यावर अन्यायही करतो. शेव्हरल ह्यांनी १८३९ साली दाखवून दिले की दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. गॉबेलँ येथील रंगशाळेत धाग्यांचे रंग फिके पडतात अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारात आहे हे त्यांना आढळले. भगव्या पट्टीखाली हळदीच्या समारंभाचे छायाचित्र ठेवले की हळद फिकी दिसते आणि नवरीचा वर्ण निस्तेज होतो. छायाचित्रकाराने प्रकाश साधून जे मिळविले ते मथळ्याने घालविले.

निवड कशाच्या आधारे करावी? येथे मला मराठी भाषेचीच साक्ष काढावीशी वाटते. आपल्या रंगवाचक विशेषणांना जोडून येणारे जे शब्द आहेत त्यांचा अभ्यास बहुधा ‘आधिक्यवाचक’ एवढ्यावर संपतो. परंतु लालभडक, लालबुंद आणि लालचुटूक हे तीन शब्द एकाच तांबड्याचे आधिक्य सांगत नाहीत. राहात्याच्या बाजारात फोडून ठेवलेल्या डाळिंबाचे दाणे लालचुटूक असतात. रागावलेला चेहरा लालबुंद होतो. लालभडक असतो तो मांडवाचा पडदा. चुटूक हे लहान, ताज्या, मोजक्या वस्तूंविषयी म्हटले जाते. भडक हे विस्ताराविषयी, आणि त्यात थोडी नापसंती मिसळलेली असते. मांडवाच्या पडद्याला लालचुटूक कोणी म्हणणार नाही. निळाशार म्हणावयाला सहसा पाण्याचा किंवा आकाशाचा विस्तार लागतो. काळाभोर ही स्तुती, काळाकुट्ट ही बहुधा निंदा. पांढराशुभ्र आणि पांढराफटक ह्यांतही तेच अंतर आहे. म्हणजे ह्या शब्दांत रंगाबरोबर त्याचे क्षेत्रफळ आणि त्याविषयीचा अभिप्राय ही दोन्ही सामावलेली आहेत. नेत्रविज्ञानाचाही अनुभव असाच आहे की एकच रंग मोठ्या क्षेत्रावर अधिक उजळ आणि अधिक गाढ भासतो. ज्याने रंगाच्या दुकानातील बोटभर नमुना पाहून घराची भिंत रंगविली आहे त्याला हे समजावून सांगावयास नको. म्हणून मथळ्याच्या पट्टीला आणि दुव्याला एकाच आवेशाचा रंग देऊ नये. दुवा चुटूक असावा. मथळा भडक नसावा.

सीएसएसच्या स्वतःच्या शब्दकोशाकडून ह्या बाबतीत साहाय्य मिळत नाही. आरंभी तिच्यात सोळा नावे होती. पुढे एक्स विंडो ह्या प्रणालीतील नावे येऊन ती १४७ झाली, आणि ती कशीही गोळा झालेली आहेत. तेथे ‘पपई’ आहे, ‘टोमॅटो’ आहे, आपला ‘खाकी’ आहे, ‘इंडियन रेड’ आहे, केशर नाही. दोन निरनिराळ्या याद्या एकत्र केल्यामुळे ‘डार्क ग्रे’ हा रंग ‘ग्रे’पेक्षा फिका आहे, हे तर व्याकरणकाराला अस्वस्थ करणारे आहे. ह्या यादीत नंतर पडलेले नाव एकच, आणि त्याचे कारण शास्त्रीय नाही : सीएसएसचे नामवंत अभ्यासक एरिक मायर ह्यांची कन्या रिबेका २०१४ साली आपल्या सहाव्या वाढदिवशी वारली, आणि तिच्या आवडत्या जांभळ्या छटेला तिचे नाव देण्यात आले.

तेव्हा आपली नावे आपणच घालावयास हवीत, आणि ते शक्य आहे ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सीएसएसमध्ये लेखकाने स्वतः ठरविलेली नावे देवनागरीत लिहिता येतात. दोन आडव्या रेघा काढून पुढे ‘विटकरी’, ‘अबोली’, ‘मोरपंखी’, ‘अमसुली’ असे लिहावे, त्याला मूल्य द्यावे आणि पुढे सर्वत्र तेच नाव वापरावे. ह्यात केवळ भाषाभिमान नाही. ज्याने ‘विटकरी’ असे लिहिले त्याला आपण कोणता रंग कोठे लावीत आहोत ते डोळ्यांपुढे दिसते. तीन संख्यांत ते दिसत नाही.

आमच्या व्यावसायिकाला मी सुचविलेली योजना अशी होती : पार्श्वभूमी पांढरी, मजकूर काळा, दुवे विटकरी (१७९, ६७, ३१) आणि त्यांखाली उकारांच्या खालून जाणारी बारीक रेघ. हा विटकरी पांढऱ्यावर ५.६ आणि काळ्याच्या शेजारी ३.७ भरतो, दोन्ही कसोट्यांना एकाच वेळी उतरणारे रंग फार नाहीत. तरीही रेघ हवीच, कारण काही वर्णदोषांत तांबडी छटाच काळवंडते आणि शेजारच्या काळ्याशी असलेले हे अंतर कमी होते. पाहिलेल्या दुव्यांना जांभळा. पट्टीतील दुव्यांसाठी स्वतंत्र अपवाद.

त्यांनी सर्व मान्य केले. भगवी पट्टी सोडावयास मात्र ते तयार नव्हते. “सर, लोक आम्हाला पट्टीवरूनच ओळखतात,” असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नाही. मथळा म्हणजे दुकानाचा फलक, आणि फलकाला गावात एक ओळख असते. शेवटी पट्टी होती त्याच्या चौथाई उंचीची झाली, तीवरील नाव पांढऱ्याऐवजी काळे झाले आणि पट्टी व पहिले छायाचित्र ह्यांमध्ये चांगले चार बोटे पांढरे अंतर सोडले गेले. भगव्यावर काळा ९.९ भरतो. मामांना मी नवे पान उघडून दिले, तेव्हा त्यांनी ‘येथे’ ह्या शब्दावर बोट ठेवले आणि ती रेघ मुद्दाम काढली आहे काय, असे विचारले.